अंजन : आधी मूळ, मागाहून खोड

होळी होऊन गेली की आमच्या भागातील माळांवर गवताची काडी दिसेनाशी होते. ज्याच्या घरी कडबा रचलेला आहे त्याची जनावरे गोठ्यात निश्चिंत असतात; ज्याच्याकडे तो नाही तो सकाळी शेळ्या सोडतो, आणि दिवसभर उन्हात हिंडून त्या संध्याकाळी गेल्या तशाच रिकाम्या पोटी परत येतात. अशा चैत्र-वैशाखाच्या दिवसांत ज्या मोजक्या झाडांवर कोवळी पालवी दिसते त्यांत अंजन हे एक होय. या झाडाविषयी आमच्या वाचकांस चार गोष्टी सांगाव्यात असे बरेच दिवस मनात होते. शेंगा पिकण्याचा हंगाम आता तोंडावर आला आहे. तेव्हा अधिक विलंब लावणे बरे नव्हे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. अंजन म्हणताच गोमंतकातील व बेळगावच्या पश्चिमेकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतील अंजनी उभी राहील. फांद्यांना बिलगून जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके येणारे ते सदाहरित झाड फार देखणे असते, परंतु आमचा विषय तो नव्हे. ग्वाल्हेरकडील वाचक म्हणतील, अंजन हे तर गवत! तेही खरे; धामण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उत्तम गवताला तिकडे अंजन म्हणतात. आम्ही लिहीत आहो ते तिसरेच. निमाड आणि खानदेशच्या खडकाळ टेकड्यांवर आपल्याआपण वाढणारा हा वृक्ष आहे. कन्नड मुलखात त्याला कमरा म्हणतात आणि तेलुगू मुलखात नारयेपी. शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील हार्डविक नामक निसर्गप्रेमी अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ ते ठेवले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ जोडी-जोडीने असलेले, असा आहे. पान पाहिले की तो लगेच उमगतो. प्रत्येक देठावर दोनच पर्णिका, आणि त्या अशा समोरासमोर की गाईच्या खुराचा ठसा वाटावा. दसऱ्याला ज्यांनी आपट्याची पाने पाहिली आहेत त्यांना हे पान ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की आपट्याच्या पानाचे दोन्ही भाग एकमेकांस जुळलेले असतात, अंजनाचे सुटे असतात.

हा वृक्ष सर्वस्वी आपल्या देशाचा आहे. त्याच्या वंशात, म्हणजे हार्डविकिया या प्रजातीत, ही एकच जाती असून तिचे मूळ घर म्हणजे भारतातील कोरडा प्रदेश. बुऱ्हाणपूर, खंडवा, खरगोन, अलीकडे धुळे-जळगाव, दक्षिणेस बल्लारी, चित्रदुर्ग, कर्नूल, अनंतपूर, असा तो तुकड्यातुकड्यांनी पसरलेला आहे. जेथे आहे तेथे दाट, आणि मैलभर पुढे गेले तर एकही नाही. १९६८ साली चॅम्पियन व सेठ यांनी भारतातील वनांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले त्यात अंजनवनाची स्वतंत्र नोंद आहे. जेथे काळ्या मातीचा थर वीतभरही नाही, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ, आणि साग जेथे खुरटा होतो, अशा ठिकाणी अंजन उंच वाढतो. त्याचे लाकूड भारतातील अत्यंत जड लाकडांपैकी एक असून पाण्यात टाकल्यास बुडते. विहिरीच्या काठचे ओंडके, गाडीचे भाग, नांगर, घराचे खांब यांसाठी पूर्वी त्याला फार मागणी होती. सालीपासून दोर निघतो. आणि पाला तर गाय, म्हैस, शेळी सर्वच आवडीने खातात.

इतके गुण असल्यावर झाडाचे जे व्हावयाचे तेच झाले. लाकडासाठी मोठी झाडे गेली. पाल्यासाठी उरलेल्यांच्या फांद्या दरवर्षी इतक्या छाटल्या गेल्या की काही झाडे नुसते खुंट वाटतात. छाटलेल्या झाडाला फूल कोठून येणार, आणि फूल नाही तेथे शेंग कोठून? जी थोडी रोपे पावसाळ्यात उगवतात ती शेळ्यांच्या तोंडी लागतात. म्हाताऱ्या झाडांखाली तरुण झाड नाही, असे कित्येक टेकड्यांवर दिसते. घरात आजोबा आहेत, पण नातवंडे नाहीत; अशा घराचे पुढे काय होते ते सांगावयास नको.

मग लोक म्हणतात, लावा की नवी झाडे! येथेच अंजनाचा खरा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण तो न समजल्यामुळेच पुष्कळ श्रम व पैसा वाया गेला आहे. शेंगेतील दाणा उगवला की प्रथम दोन जाड दले वर येतात आणि लहानसा अंकुर दिसतो. हा अंकुर वीतभर होतो न होतो तोच खाली सोटमूळ हातभर गेलेले असते. पावसाळा संपला की वरची वाढ थांबते. उन्हाळ्यात तर अंकुर पुष्कळदा वाळूनच जातो. पाहणाऱ्यास वाटते, रोप मेले. परंतु मूळ जिवंत असते. ते मुरमाच्या फटी शोधीत खाली चाललेले असते. पुढल्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा अंकुर फुटतो, पुन्हा वाळतो. असे काही वर्षे चालते. एकदा मूळ खालच्या ओलीला पोहोचले की मग मात्र खोड उभारी धरते आणि पुढे दुष्काळालाही दाद देत नाही. शुभवर्तमानातील पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवर पडलेले बी लवकर उगवते आणि मूळ नसल्यामुळे करपते. अंजनाने जणू तो दाखला ऐकून आपला मार्ग ठरविला आहे.

आता अशा झाडाची रोपे हातभर उंचीच्या प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभर वाढविली तर काय होईल? मूळ पिशवीच्या बुडाशी आदळते, तेथेच वळसे घेते आणि गुंडाळी होऊन बसते. वर रोप हिरवेगार दिसते, मोजणाऱ्याला समाधान वाटते. पण ते माळावर लावले की गुंडाळलेले मूळ सरळ खाली जाण्यास असमर्थ ठरते. आमच्या भागातील एका टेकडीवर अशी रोपे लावलेली आम्ही पाहिली. लावणाऱ्या खात्याचे नाव घेण्याचे कारण नाही. पहिल्या उन्हाळ्यानंतर खड्डे तेवढे शिल्लक होते. त्यानंतर लोकांचा समज झाला की हे झाड माणसाच्या हाताने लागतच नाही. हा समज चुकीचा आहे. बियाणे जागेवरच पेरावे, हे त्याचे उत्तर होय.

पेरणीची रीत पुढीलप्रमाणे आहे. अंजनाची फुले पावसाळ्यात येतात, ती बारीक व पिवळसर हिरवी असल्यामुळे सहसा लक्षात येत नाहीत. शेंगा हिवाळाभर वाढून चैत्र-वैशाखात, म्हणजे साधारण एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. शेंग चपटी, पंखासारखी असून दाणा एकच, तोही टोकाला. वाऱ्याबरोबर ती गिरक्या घेत दूर जाते. म्हणून शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की वाऱ्याच्या आधी आपण तेथे पोहोचावे; झाडाखाली जुने लुगडे किंवा ताडपत्री अंथरून फांद्या हलक्या हाताने हलवाव्यात. एकाच झाडाचे बी घेऊ नये. सात-आठ निरनिराळ्या, सरळ वाढलेल्या आणि कमी छाटलेल्या झाडांचे घ्यावे. राखीव जंगलातील झाड असेल तर वनखात्याची परवानगी घेतल्याविना हात लावू नये. शेताच्या बांधावरची झाडे या कामास पुरेशी आहेत.

येथे एक अडचण आहे. अंजनाला दरवर्षी सारख्या शेंगा धरत नाहीत. चांगले वर्ष तीन-चार वर्षांतून एखादे येते. आणि बी फार काळ टिकत नाही. त्याला कीड लागते, आणि वर्ष उलटले की उगवण घटत जाते. तेव्हा ज्या वर्षी झाडे शेंगांनी लवलेली दिसतील ते वर्ष वाया दवडू नये. गोळा केलेल्या शेंगांपैकी शंभर घेऊन त्यांची टोके फोडून पाहावीत. दाणा भरलेला व टणक असेल तर उत्तम. पोकळ किंवा भोके पडलेले दाणे निम्म्याहून अधिक निघाले तर त्या झाडाचे बी सोडून द्यावे. उरलेले सावलीत वाळवून, राखेत घोळून, कोरड्या मडक्यात पावसाळ्यापर्यंत ठेवावे.

पेरणीपूर्वी शेंगेचा पंख कात्रीने उतरवावा आणि दाण्याचे टोक साध्या थंड पाण्यात एक दिवस-रात्र भिजवावे. बाभळीच्या बियांप्रमाणे उकळते पाणी लागत नाही. मृगाचा पहिला सडाका झाला म्हणून घाई करू नये. जमीन हातभर ओली होऊन वापसा आला की टोकणी करावी. उतारावर समपातळीत चर खणले असतील तर चराच्या खालच्या अंगाला टाकलेल्या भुसभुशीत मातीच्या वरंब्यावर दोन-दोन हातांवर टोकावे, एका ठिकाणी दोन-तीन दाणे, बोटाच्या एका पेराहून खोल नाही. आठ-पंधरा दिवसांत उगवण दिसू लागते. त्यानंतरचे काम कंटाळवाणे खरे, पण तेच मुख्य. पहिल्या पावसाळ्यात दोन वेळा रोपाभोवतीचे तण खुरपून माती मोकळी करावी. अंजनाला सावली सोसत नाही. गवतात दडपलेले रोप मरते. मोकळ्या मातीत मूळ जितके खाली जाईल तितके पुढच्या उन्हाळ्यात त्याचे जगणे सोपे.

ज्यांना रोपे करूनच लावावयाची असतील त्यांनी निदान पिशव्या उंच, बुडाला मोकळ्या अशा घ्याव्यात, आणि उगवल्यापासून काही आठवड्यांतच, त्याच पावसात, रोप जागेवर न्यावे. एक वर्षाचे रोप फुकट मिळाले तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथपर्यंत सर्व सोपे आहे. अवघड आहे ते शेळीचे प्रकरण. रोप शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत पाच-सहा वर्षे, कधी त्याहून अधिक, त्या जागेवर जनावर जाता कामा नये. गायरान बंद करण्याचा हा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा एका वृद्ध बाईंनी आम्हांस उभे राहून विचारले, “फादर, तुमचं झाड पाच वर्षं खालीच जाणार म्हणता. तवर माझ्या दोन शेळ्यांनी काय माती खायची?” सभेत हशा झाला, परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या बाईंना जमीन नाही. दोन शेळ्या हेच त्यांचे शेत आणि तीच त्यांची बँक. ज्याच्या घरी बारा एकर बागायत आहे त्याला गायरान बंद करण्यास हात वर करणे सोपे असते. गावाच्या भल्यासाठी म्हणून जे काही करावयाचे त्याची किंमत जर गावातील सर्वांत गरीब घरानेच मोजावयाची असेल, तर ते भले कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर झाडात नाही, गवतात आहे. जनावरांचे पाय थांबले की पहिल्याच पावसाळ्यात बंद केलेल्या तुकड्यावर मारवेल, पवना, कुसळी अशी गवते गुडघ्यापर्यंत येतात. चरून संपते त्यापेक्षा कितीतरी अधिक गवत कापून मिळते, कारण तुडवून वाया जात नाही आणि कोवळेपणीच खुडले जात नाही. मध्यम बांध्याच्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा पुरतो. दोन शेळ्यांना एक लहानसा भारा झाला. हा भारा विळ्याने कापून डोक्यावरून घरी आणावयाचा. श्रम वाढतात हे खरे, पण चारा मिळतो. कुसळीला मात्र कुसळे धरण्यापूर्वीच कापले पाहिजे, नाहीतर ती जनावरांच्या तोंडात टोचतात. म्हणून आम्ही सुचविले ते असे : गायरानाचे चार भाग करावेत, एका वेळी एकच बंद करावा, बाकीचे तीन चरण्यास खुले ठेवावेत, आणि बंद भागातील गवत कापण्याचा पहिला हक्क ज्यांना जमीन नाही त्यांना द्यावा, जमीनवाल्यांनी त्यानंतर यावे. या शेवटच्या कलमावर सभेत बराच वाद झाला. शेवटी ते मान्य झाले, जरी सर्वांनी मनापासून मान्य केले असे आम्ही म्हणणार नाही. आजींनी त्यावर एवढेच म्हटले की, “पहिलं गवत दावा, मग बोलू.” आमच्या मते त्यांचे बोलणे रास्त होते.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) दुष्काळी खेड्यांत पाणलोटाचे जे काम उभे केले त्यात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या गोष्टी गावाने स्वतः स्वीकारल्याशिवाय पुढचे पाऊल टाकले जात नसे. पुढे त्या कामातून १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. फादर बाखर २०२१ साली परलोकवासी झाले. त्यांच्या कामाच्या गावांतही मेंढपाळ व भूमिहीन यांचा हाच प्रश्न पुढे आला होता. आमच्या अधिक जवळचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी गावाचे आहे. १९९० नंतरच्या दशकात त्या गावाने स्वतःच नियम करून, दंड ठरवून, आपले उजाड जंगल पुन्हा उभे केले. तेथील श्री. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तेथे कोणी बाहेरून कुंपण घालून दिले नव्हते.

अंजनाविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. तो तूर-हरभऱ्याच्याच मोठ्या कुळातील आहे. यास्तव कोणी म्हणेल की त्याच्या मुळांवरही गाठी असतील आणि जमिनीला नत्र मिळेल. हरभऱ्याचे रोप उपटले की त्या गाठी दिसतात खऱ्या. परंतु अंजन ज्या उपकुळातील आहे त्यातील झाडे बहुधा अशा गाठी धरीत नाहीत. जमीन तो सुधारतो ती पाल्याच्या थराने आणि मुरूम फोडणाऱ्या मुळांनी. नत्रासाठी गवताच्या जोडीला रानतूर पेरावी. रानतुरीचा वेल बहुवर्षायू असून आपल्या माळांवरचाच आहे. त्याच्या मुळांवर गाठी येतात आणि जनावरे तो गवताबरोबर खातात. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही संस्था तुरीच्या या रानटी नातलगांचे बियाणे जपून ठेवते, इतके त्याचे मोल आहे. रानतुरीचे दाणे मात्र कठीण कवचाचे असतात. जाड्या वाळूत घालून तळव्यांनी चांगले घासल्यावर मगच पेरावेत, म्हणजे पाणी आत शिरते. शेंगा वाळल्या की तडकून दाणे उडतात; म्हणून त्या काळ्या पडू लागताच तोडाव्यात.

अंजनापेक्षा सुबाभूळ बरी, ती दोन वर्षांत डोक्यावर जाते, असे पुष्कळ जण सांगतात. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने अधिक आहेत हेही खरे. बांधावर, गोठ्यामागे, पाण्याच्या सोयीजवळ ती खुशाल लावावी. केवळ तिच्याच पाल्यावर जनावर ठेवू नये, कारण त्यातील मायमोसीन हे द्रव्य अति झाल्यास बाधते. पण ओसाड टेकडीवर परक्या देशाचे झपाट्याने वाढणारे झाड सोडण्यापूर्वी वेड्या बाभळीकडे एकदा पाहावे. एकोणिसाव्या शतकात तिला मोठ्या आशेने आणले गेले आणि आज गुजरातेपासून तमिळनाडूपर्यंत कित्येक कुरणे तिने गिळली आहेत. उलट, ज्या टेकडीवर अंजन कधीच नव्हता तेथे तो बळेच लावण्याचेही कारण नाही. गोमंतकातील वाचकांनी हा लेख अवश्य वाचावा, परंतु झाड लावू नये. तितका पाऊस त्याला मानवत नाही. जेथे जुने अंजन एखादे तरी उभे आहे, त्याच परिसरात पेरणी करावी. आणि सबंध माळ झाडांनी भरू नये. गवताला ऊन लागते.

झाड मोठे झाल्यावर पाला तोडण्याविषयी. खोड मांडीएवढे होईपर्यंत कोयता लावू नये. पुढे एका वर्षी झाडाच्या एक-तृतीयांशाहून अधिक फांद्या घेऊ नयेत, शेंडा कधीही छाटू नये, आणि एकदा छाटलेल्या झाडाला मधली दोन वर्षे विसावा द्यावा. दर दहा झाडांतील दोन बियाण्यासाठी राखून त्यांच्या खोडाला चुन्याचा पट्टा मारावा, म्हणजे कोणाच्या हातून अनवधानाने कोयता पडणार नाही.

आमच्या धर्मग्रामाच्या परिसरातील सुमारे वीस जुन्या झाडांपैकी अकरांवर यंदा शेंगा चांगल्या धरल्या आहेत. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा संपल्यावर तरुण मंडळी ताडपत्र्या घेऊन निघणार आहेत. ज्यांच्या बांधावर अंजन आहे त्यांनी तोवर पाला तोडणे थांबवावे, एवढी विनंती आहे. बी पुरेसे जमल्यास शेजारच्या गावांस मृगापूर्वी देता येईल. मागणी करताना किती माणसे पहिल्या पावसाळ्यात खुरपणीस येतील तेही कळवावे, कारण त्या आकड्यावरच आम्ही मडकी वाटणार आहोत.